दोन किरणोत्सवांमधला बटाटा

कोल्हापुरात परसात बटाटा होतो, आणि चांगला होतो. हे आधीच ठासून सांगते, कारण दरवर्षी मला बेणं लावताना बघून गल्लीतलं कोणी ना कोणी थांबतंच. "बटाटं लावतायसा व्हय वैनी? आपल्याकडं कुठलं येतंय त्ये? त्यापरीस उसाचं चार डोळं लावा की कडंला!" उसाच्या मुलखात असं वाटणं साहजिक आहे. आपल्या बाजारात बटाटा येतो तो आग्र्याचा, इंदूरचा, नाहीतर तळेगावचा म्हणून. कोल्हापूरचा बटाटा म्हणून कोणी ओरडत नाही.

मी मात्र बटाट्यातच वाढले. माझं माहेर खटाव तालुक्यात, पुसेगावच्या बाजूला. तिकडं बटाटा खरिपात. पाऊस पडला की बेण्याच्या गोण्या ओट्यावर येऊन पडायच्या, बायका विळ्या घेऊन बेणं कापायला बसायच्या, आणि नवरात्राच्या पुढंमागं काढणी. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आम्ही पोरं कुदळीमागनं बटाटे वेचायचो. लग्न होऊन कळंब्याच्या बाजूला आले तेव्हा मागं हे मोकळं परस बघून पहिला विचार बटाट्याचाच आला. सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं, "पावसात नको लावूस, कुजतोय. दिवाळी होऊ दे, थंडी पडू दे." त्यांचं ऐकलं, आणि आजवर त्याच वेळेला लावत आले.

माहेरी पावसाळ्यात होणारा बटाटा इथं पावसाळ्यात का होत नाही, हे मात्र मला बरेच दिवस नीट उमगत नव्हतं. खटाव दुष्काळी. पाऊस बेताचा, तोही उघडीप देत पडणारा, जमीन मुरमाड, पाणी टिकत नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, आणि खाली चिकट काळी माती. त्यात बेणं आठवड्याभरात पिलपिलीत होतं. एवढं डोळ्यांना दिसतं. पण दुसरी गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे रात्र.

बटाटा रात्रीवर ठरतो. एवढी एकच गोष्ट पक्की धरली तरी आपल्या हवेत बटाटा लावणाऱ्याचं अर्धं काम झालं. पानं दिवसा उन्हात साखर तयार करतात आणि ती खाली जाऊन बटाट्यात पिष्ट (स्टार्च) म्हणून साठते. रात्र गार असेल तर साठते. रात्र उबदार असली की झाड त्यातली बरीच साखर स्वतःच्या श्वसनातच खर्चून टाकतं, शिवाय जमिनीखाली गाठ धरायचा जो संकेत पानांकडून खाली जातो, तोच मंदावतो. रात्रीचं तापमान 15 ते 20 अंशांच्या दरम्यान असेल तर बटाटा खुशीत धरतो. 22 च्या वर गेलं की बहुतेक जातींत पाला कमरेपर्यंत येतो, हिरवागार, बघणाऱ्यानं वा म्हणावं असा, आणि उपटलं की खाली नुसत्या मुळ्या. माझा भाचा इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकला. त्यानं हे मला पायरीवर बसून, हातात एक उपटलेलं रोप घेऊन समजावलं, तेव्हापासून मी दुपारच्या उन्हाची फार चिंता करणं सोडलं. आपल्याकडं डिसेंबरातही दुपारी 29-30 अंश असतात. असू देत. पहाटे किती उतरतंय ते बघायचं. ऑक्टोबरात आपली रात्र 20-21 वर असते, नोव्हेंबरात 18 च्या आसपास येते, डिसेंबर-जानेवारीत 15 पर्यंत, एखाद्या आठवड्यात त्याच्याही खाली. फेब्रुवारी अर्धा सरला की परत चढायला लागते. म्हणजे बटाट्याला आपल्या गावात खिडकी आहे ती एवढीच.

दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथं उंचीमुळं गारवा, पण विषुववृत्त जवळ असल्यामुळं दिवस लांबत नाही. म्हणून लहान दिवस त्याच्या रक्तातच आहे. युरोपात नेल्यावर तिथल्या लांब उन्हाळी दिवसांत गाठ धरणाऱ्या जाती निवडत निवडत तयार कराव्या लागल्या. आपल्याकडं नोव्हेंबर ते जानेवारी दिवस साडेअकरा तासांहूनही कमी. त्या बाबतीत आपलं परस त्याला माहेरासारखंच आहे.

आता तारखांचं सांगते, कारण ही खिडकी लक्षात ठेवायला कोल्हापूरकराला कॅलेंडरसुद्धा लागत नाही. आपल्या अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. हवा स्वच्छ असेल तर. हाच किरणोत्सव. सासूबाई होत्या तोवर आम्ही दोघी दोन्ही वेळा जायचो. एकदा रांगेत उभं असताना माझ्या मनात आलं, अरे, पहिल्या किरणोत्सवाला आपण बेणं लावतो आणि दुसऱ्याला काढतो. घरी येऊन मोजलं तर 9 नोव्हेंबर ते 31 जानेवारी बरोबर 83 दिवस, आणि लवकर येणाऱ्या बटाट्याला लागतात 75 ते 90.

मला हा योगायोग वाटत नाही, निदान पूर्णपणे नाही. दोन्ही वेळा सूर्य दक्षिणेकडं सारखाच कललेला असतो, म्हणून तर किरणं त्याच वाटेनं गाभाऱ्यात पोचतात. आणि या दोहोंच्या मधोमध 22 डिसेंबरच्या आसपासचा वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. सर्वांत लहान दिवस आणि सर्वांत गार रात्री याच दोन टोकांच्या मध्ये येतात. ज्यांनी ते मंदिर बांधलं त्यांना बटाटा ठाऊक असायचं कारणच नव्हतं, पण सूर्य कुठल्या दिवशी कुठं असतो हे त्यांना बिनचूक ठाऊक होतं, आणि बटाट्याचं सगळं गणित शेवटी त्या सूर्यावरच आहे. तेव्हापासून मी तारखा अशाच धरते, आणि विचारणाऱ्यालाही हेच सांगते.

बेण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण परसातला बटाटा बहुतेकांचा इथंच फसतो. ऑक्टोबरच्या बाजारात दोन प्रकारचे बटाटे एकाच पाटीशेजारी असतात. एक जुना, फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडं काढून शीतगृहात ठेवलेला. दुसरा नवा, आमच्या सातारा-पुण्याकडचा खरिपातला, ज्याची साल अंगठ्यानं घासली तरी निघते. नवा दिसायला ताजा, म्हणून माणूस तोच उचलतो. पण नुकता काढलेला बटाटा झोपलेला असतो. त्याला आठ-दहा आठवडे काही केल्या डोळे फुटत नाहीत. तो नोव्हेंबरात पुरला तर जानेवारीत उगवणार, आणि तोवर खिडकी मिटायला आलेली. बेण्याला हवा जुना, सुस्ती मोडलेला. मी दादाला सांगते, तो मंचरच्या बाजारातून खरं बेणं पाठवतो, पुखराज नाहीतर ज्योती. ज्यांना अशी सोय नाही त्यांनी शीतगृहातला खायचा बटाटा लावला तरी उगवतो, पण त्यात रोग येण्याची शक्यता धरून चालावं.

जातींच्या नावामागं सगळीकडं "कुफरी" दिसतं, ते सिमल्याजवळचं गाव. तिथं उन्हाळ्यात लांब दिवसांत बटाट्याला भरभरून फुलं येतात, म्हणून संकराचं काम तिथं. आपल्याकडं लहान दिवसांत फुलं फारशी येतच नाहीत, तेव्हा फूल आलं नाही म्हणून कोणी घाबरू नये. कुफरी लवकर ही 1972 ची जात खास आपल्या दख्खनच्या पठारासाठीच काढलेली. 2006 साली आलेली कुफरी सूर्या उष्ण हवेला तोंड देणारी आहे. ज्यांना ती मिळेल त्यांनी जरूर लावून बघावी.

बेणं घरी आलं की दिवाळीच्या आगेमागे ते जिन्याखाली, उजेड येईल पण ऊन येणार नाही अशा जागी पाटीत एकेरी पसरते. अंधारात ठेवलं तर कोंब लांब, पांढरे, हात लागताच मोडणारे निघतात. उजेडात ठेवले की आखूड, जाडसर, जांभळट-हिरवे येतात. तेच हवेत. आणि माहेरच्या रिवाजाविरुद्ध एक गोष्ट मी इथं करते, बेणं कापत नाही. अंड्याएवढे, चाळीस-पन्नास ग्रॅमचे बटाटे निवडून अख्खेच लावते. नोव्हेंबरात आपली माती अजून उबदार असते, कापलेल्या तोंडातनं सड लवकर शिरते.

माती काळी. मी तिच्यात पन्हाळ्याकडची तांबडी माती आणि भरपूर कुजलेलं शेणखत मिसळत आले आहे, आता ती मुठीत धरून सोडली की भुगा होते. शेणखत जुनं पाहिजे आणि चाळलेलं पाहिजे. ताज्या शेणखतातनं हुमणी येते, आणि हुमणी काय करते ते या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको, उसाचं बेट वाळवणारी अळी बटाट्याला सोडेल कशी? चाळताना पांढऱ्या, इंग्रजी सी आकारात वळलेल्या अळ्या सापडल्या की वेचून काढायच्या. राखेचा मोह सगळ्यांना होतो. जवळच्या गुऱ्हाळाच्या चुलवणाची राख फुकट मिळते, तिच्यात पालाश (पोटॅश) असतं आणि बटाट्याला पालाश लागतं, हे खरं. पण राखेनं मातीचा आम्ल-विम्ल निर्देशांक वर जातो आणि सालीवर खवले धरतात. मी चिमूट चिमूट टाकते, तीही लावणीच्या बऱ्याच आधी.

ओळीत वीतभर अंतर, दोन ओळींत दोन फूट, चार बोटं खोल, कोंब वर. इतकं पुरे.

खरी गंमत पाचटाची. आपल्याकडं नोव्हेंबरात ऊसतोड सुरू होते आणि पाचट मागेल तितकं मिळतं. शेतकरी जाळायच्या आधी आपण उचललं तर तेही खूश. "न्ह्या की वैनी, किती बी न्ह्या, ट्रॉलीच पाठवू काय?" असं दरवर्षी ऐकायला मिळतं. रोपं उगवून हातभर झाली, पहिली भर लावून, म्हणजे बुडाशी माती चढवून झाली, की वरंब्यावर हे पाचट वीतभर जाड अंथरते. एका वर्षी मी मातीत घालायचा तापमापक आणून दुपारी तीन वाजता बघितलं. उघड्या वरंब्यात चार बोटं खाली 31 अंश, शेजारीच पाचटाखाली 25. सहा अंशांचा फरक, फुकटच्या पाल्यानं. गाठ धरते ती जमिनीत, त्यामुळं रात्रीचा जो गारवा मातीत मुरलाय तो दिवसभर कोंडून ठेवणं हे पाचटाचं काम. शिवाय पाणी निम्म्यावर येतं, तण येत नाही, आणि बटाटा उघडा पडून हिरवा होत नाही. हिरवा झालेला भाग कडू असतो आणि त्यात सोलानिन नावाचं विष असतं, ते शिजवूनही जात नाही. तेवढा जाडसर कापून टाकायचा, पूर्ण हिरवा असेल तर अख्खाच टाकायचा.

भर दोनदा लावते. पहिली लावणीनंतर महिन्याच्या आत, दुसरी पाचट बाजूला सारून त्यानंतर पंधरवड्यानं. बटाटा मुळाला धरत नाही, खोडाच्या जमिनीतल्या भागातनं जे आडवे पांढरे फाटे निघतात त्यांच्या टोकाला धरतो. माती जितकी उंच तितके फाटे जास्त. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी एका रोपाच्या बुडाशी दोन बोटं घालून हळूच माती उकरते. तो फाटा सापडतो, गव्हाच्या काडीहून बारीक, पांढराशुभ्र. त्याचं टोक आकडीसारखं वळलेलं असतं, आणि वळणाच्या मागं किंचित फुगवटा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, साल इतकी पातळ की आतलं पाणी दिसावं. त्याच्यावर डोळ्यांच्या जागा आत्ताच उमटलेल्या असतात, बारीक रेघांसारख्या. मग माती परत लोटते आणि वरनं थोपटते. वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसांत हे चाललेलं असतं. त्यानंतरचा महिना नुसता पोसण्याचा, तेव्हा पाण्यात खंड पडू द्यायचा नाही. एकदा कोरडं, एकदा तुंबलेलं असं झालं की बटाटे चिरतात, वेडेवाकडे होतात.

पाणी सकाळी, आणि बुडाशी. कळंबा तलावाच्या बाजूनं डिसेंबरात पहाटे धुकं येतं, पानं आधीच ओली असतात. त्यात आपण वरनं पाणी मारलं की करप्याला आमंत्रण. आपल्याकडं जास्त दिसतो तो जुन्या पानांवर गोल गोल कड्यांचे तपकिरी ठिपके पाडणारा. खालची तशी पानं खुडून परसाबाहेर टाकते, आणि ढगाळ हवा लांबली तर बोर्डो मिश्रण मारते, लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र केलेलं. लोखंडी बादली वापरू नये.

संक्रांत झाली की पाणी कमी करत 20 जानेवारीच्या सुमारास तोडते. मग पाला जमिनीलगत विळ्यानं कापून टाकते आणि बटाटे आठ-दहा दिवस तसेच जमिनीत राहू देते. या दिवसांत साल पक्की होते. अंगठ्यानं घासून निघाली नाही की काढायला हरकत नाही. एका रोपाला पाव किलोपासून अर्धा किलोपर्यंत मिळतात, म्हणजे सरासरी बेण्याच्या सात-आठ पट. दादाच्या शेतावर हा आकडा सांगितला तर तो मान हलवतो, बरं आहे म्हणतो. परसाला उत्तम आहे.

चवीचं सांगायचं तर फरक खरोखरच कळतो. शीतगृहात बटाटा दोन-चार अंशांवर ठेवतात, त्या थंडीत त्याच्यातल्या पिष्टाची थोडी साखर होते. म्हणून बाजारचा जुना बटाटा तळला की लवकर लाल होतो आणि जिभेला गोडसर लागतो. घरचा तसा लागत नाही. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी आमच्याकडं कटवडा असतो, कांदा-लसूण चटणीचा झणझणीत कट आणि घरच्या बटाट्याचे वडे. आमचे हे एरवी वडा बाहेरचाच चांगला म्हणणारे, पण त्या रविवारी ताटावरनं उठत नाहीत. लहान लहान गोट्यांएवढे निघालेले बटाटे मी सालीसकट तेलात परतते, वर चटणी आणि भरपूर कोथिंबीर. मुलं तेच आधी संपवतात.

साठवणीला मात्र आपली हवा वाईट. फेब्रुवारीनंतर बटाट्यावरची पाकोळी येते, तिची अळी डोळ्यातनं आत शिरून भुयारं करते, आणि डोळ्यापाशी काळी विष्ठा दिसली की समजायचं आत काम सुरू झालं. माझे वडील ढिगावर घाणेरीचा वाळलेला पाला पसरायचे, त्या वासाला पाकोळी फिरकत नाही. मीही तेच करते. खालीवर पाला, मधे बटाटा, जिन्याखाली अंधारात, वरनं गोणपाट. एवढं करून होळीपर्यंत छान टिकतात, तोवर संपतातही.

घरचंच बेणं धरावं असं मनात येतं, मलाही दरवर्षी येतं. पण एप्रिल-मेच्या 37-38 अंशांतनं ते नोव्हेंबरपर्यंत नेणं साध्या घरात जमण्यासारखं नाही. सुरकुततं, कोंबांनीच दम निघून जातो. शिवाय मावा किडीमुळं पसरणारे विषाणू पाल्यातनं बेण्यात उतरतात आणि दर पिढीला झाड खुरटत जातं. बेण्याचा बटाटा मुख्यतः पंजाबात पिकवतात तोही याचसाठी, तिथं हिवाळ्यात काही काळ मावा अगदी कमी असतो. तेव्हा बेणं दरवर्षी नवं आणावं. यंदा ज्यांना लावायचंय त्यांनी दसऱ्यानंतर लगेच शोधायला लागावं, दिवाळीत बाजार समित्या बऱ्याच ठिकाणी बंद असतात आणि नेमके ते चार दिवस कोंब यायला हवे असतात.